मास्तरांच्या नावासमोरचा रकाना

बहिणीचा नवरा तो आपला भावोजी, इथपर्यंत ठीक आहे. पण मी त्यांच्याच ऑफिसात नोकरीला लागले आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर 'भावोजी, माझं टेबल कुठलं?' असं विचारून बसले. तेव्हापासून ते अख्ख्या ऑफिसचे भावोजी झाले. मालक त्यांना भावोजी म्हणतात, पाण्याचे जार आणणारा भावोजी म्हणतो, वीज गेली की खालचा दुकानदार जिन्यातून 'भावोजी, तुमच्याकडे आहे का?' म्हणून ओरडतो. एका लग्नात एवढं मोठं सासर दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल.

ते प्रोग्रॅम लिहितात आणि मी त्यांची चाचणी घेते. म्हणजे त्यांनी लिहिलेलं कुठे मोडतंय ते शोधायचं आणि त्यांच्या तोंडावर सांगायचं. मेहुणीला याहून चांगली नोकरी मिळायची नाही.

ऑफिस म्हणजे दुकानाच्या वरचा एक मजला. एका खिडकीत पुठ्ठ्याची घडी कोंबलेली, कारण ती नीट लागत नाही. मालकांची खोली काचेची, त्यामुळे ते फोनवर कुणाशी गोड बोलताहेत आणि कुणाशी तिखट, ते सगळ्यांना दिसतं. इथे बसून आम्ही लहान मुलांच्या एका मोठ्या इस्पितळासाठी सॉफ्टवेअर बनवतो. बाळाचं वजन घाला, औषधाचं नाव घाला, किती द्यायचं ते पडद्यावर येतं. सांगायला सोपं आहे. पण एक टिंब इकडचं तिकडे सरकलं तर बाळाला दहापट औषध जाईल. म्हणून आमच्याकडे कुणी घाईनं काम करत नाही, आणि भावोजी तर मुळीच करत नाहीत.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भावोजींचं तोंड कधी पोळलेलं नाही, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पितात. सकाळी घरातून निघाले की कोपऱ्यापर्यंत जातात आणि कुलूप ओढून बघायला परत येतात. ताई दारातच उभी असते, कारण कुलूप लावलेलंच नसतं, ती घरातच असते. लग्न ठरताना त्यांनी ताईला विचारलं होतं, 'तुम्ही नीट विचार केलाय ना?' तिनं हो म्हटल्यावर म्हणाले, 'परत एकदा करा.' ती अजून हा किस्सा सांगते आणि ते अजून खाली मान घालून ऐकतात.

माझं म्हणणं असं, की बाळांच्या औषधाचं काम अशाच माणसाच्या हातात असावं. पण जो माणूस स्वतःला कधीच 'बरोबर आहे' म्हणू शकत नाही, त्याचं एकही काम पुरं होत नाही. त्याला कुणीतरी दुसऱ्यानं 'बरोबर आहे' म्हणावं लागतं. भावोजींच्या आयुष्यात ते काम मास्तर करत.

मास्तर आधी शाळेत गणित शिकवायचे. मग वयाच्या मानानं फार उशिरा प्रोग्रॅमिंग शिकले आणि आमच्या मालकांबरोबर ही कंपनी उभी केली. नियम त्यांनीच घालून दिला होता: एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं, आणि दुसरा 'पाहिलं' असं लिहीपर्यंत तो बदल इस्पितळात जाणार नाही. हे सगळं चालायचं इंटरनेटवरच्या एका साइटवर, जिथे आमचा सगळा कोड ठेवलेला असायचा. प्रत्येक बदलाखाली बोलायला जागा असायची. भावोजी आपला बदल टाकायचे आणि खाली शंकांची माळ लावायचे. मास्तर एकेका शंकेला उत्तर द्यायचे.

'भावोजी, शून्य वजनाचं बाळ अजून जन्माला आलेलं नाही. तरी तुम्ही त्याची सोय केलीत, बरं केलंत. पाहिलं.'

'हेच तुम्ही काल विचारलं होतंत. काल बरोबर होतं, आजही बरोबर आहे. घाबरू नका. पाहिलं.'

'जेवायला जा. पाहिलं.'

आणि चूक सापडली की: 'इथे टिंब सरकलंय. होतं असं. दुरुस्त करा. घरी काही सांगू नका, बायको काळजी करेल, मग तुम्ही तिची काळजी कराल, आणि काम माझ्यावर पडेल.'

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग एक दिवस मास्तर नेहमीसारखे ऑफिसातून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. झोपेतच गेले. भावोजी अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि नंतर त्यांच्या घरी कधी गेले नाहीत. घर ऑफिसपासून जवळ, चालत जाण्यासारखं. कितीदा बूट घालून तयार व्हायचे, मग बसायचे. 'काकूंशी काय बोलू?' एवढंच मास्तरांच्या बायकोबद्दल म्हणायचे.

त्यानंतर वाचायचं काम मालकांकडे गेलं. मालक एके काळी चांगले प्रोग्रॅमर होते, आता त्यांच्या कानाला फोन शिवून टाकल्यासारखा असतो. बोलता बोलता अंगठ्यानं 'पाहिलं' लिहून मोकळे. भावोजींना ते 'पाहिलं' पुरायचं नाही. मग ते काय करत, ते मी शेजारून बघितलं आहे. बदल इस्पितळात पाठवायचं बटण दाबायची वेळ आली की ते मास्तरांचं जुनं एखादं उत्तर शोधून काढत, वाचत, आणि मगच दाबत. मी त्यांची थट्टा करायचे. आता करत नाही.

तर त्या साइटनं एक दिवस कळवलं की महिनाअखेरीला ती बंद होणार. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, आमचं परक्याच्या साइटवर होतं, आणि आता ते हलवायचं होतं.

मालक काचेच्या खोलीतून म्हणाले, 'कोड उचला आणि नव्या साइटवर टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.'

'कोड जाईल,' भावोजी म्हणाले. 'कुठली ओळ कुणी कधी लिहिली तेही त्याच्याबरोबर जाईल. पण खालचं बोलणं जात नाही. ते वेगळं आणावं लागतं.'

'गप्पा कशाला हव्यात?'

'त्या गप्पा नाहीत. त्यातच "पाहिलं" आहे.'

मालकांनी फोन कानावरून काढला. दरवर्षी इस्पितळाच्या तपासनीस बाई येतात आणि हेच बघतात: बदल कुणी केला आणि तपासला कुणी. दोन्ही नावं वेगळी हवीत. यंदाची तपासणी त्याच आठवड्यात, गुरुवारी होती. तारखेला हो म्हणताना मालकांनी अर्थातच कॅलेंडर बघितलं नव्हतं.

भावोजींनी काम हातात घेतलं आणि त्यांची झोप उडाली. मन चिंती ते वैरी न चिंती. इंटरनेट मध्येच बंद पडलं तर? जुन्या साइटनं आधीच कुलूप लावलं तर? त्यांनी सगळ्याची एक प्रत घरी ठेवली, एक ऑफिसात, आणि एक ताईच्या कपाटात. ताईनं विचारलं, 'साड्यांच्या मध्ये ठेवू की खाली?'

नव्या साइटवर सामान आणायची एक सोय होती. तिनं आधी एक तक्ता दाखवला. डावीकडे जुन्या साइटवरची माणसं, उजवीकडे नवीन साइटवर त्यांचं खातं कुठलं ते लिहायचं. भावोजी भरत गेले. मालक, मी, स्वतः, नोकरी सोडून गेलेले दोघं जण. मग मास्तरांचं नाव आलं आणि त्यांचा हात थांबला. मी शेजारीच बसले होते.

'इथे काय लिहू?'

गेलेल्या माणसाचं नवं खातं कसं काढणार? त्यांनी एक अक्षर टाइप केलं, खोडलं. मग म्हणाले, 'राहू दे रिकामा. जुनं नाव तसंच येईल.' मी मान हलवली. बाकी सगळा तक्ता त्यांनी पुन्हा पुन्हा तपासला, फक्त त्या ओळीकडे परत बघितलं नाही. आणि बटण दाबलं.

सगळं आलं. फायली आल्या, इतिहास आला, बोलणं आलं. भावोजी खुर्चीत मागे टेकले, असे टेकलेले मी त्यांना लग्नाच्या जेवणानंतरही पाहिलं नव्हतं. मी माझ्या सवयीनं खोट काढायला एक जुना बदल उघडला. बदल भावोजींचा. त्याखाली भावोजींचा फोटो, भावोजींचं नाव, आणि पुढे: 'भावोजी, घाबरू नका. बरोबर आहे. पाहिलं.'

मला हसू आलं. दुसरा उघडला. तिसरा उघडला. हसू गेलं.

मास्तरांचा एकूण एक शब्द भावोजींच्या नावावर चढला होता. ज्याच्यापुढे रकाना रिकामा, त्याचं बोलणं नवी साइट सामान आणणाऱ्याच्या नावावर टाकत होती, आणि सामान भावोजींनी आणलं होतं. आता तो इतिहास कुणीही वाचला तर एकच अर्थ निघत होता: हा माणूस बाळांच्या औषधाचा हिशोब स्वतःच लिहितो, स्वतःच तपासतो आणि वर स्वतःचीच पाठ थोपटतो.

तपासनीस बाईंनी हे बघितलं असतं तर इस्पितळानं आमचं सॉफ्टवेअर त्याच दिवशी बंद केलं असतं. त्या इस्पितळाशिवाय आमची कंपनी म्हणजे पुठ्ठा कोंबलेली खिडकी आणि चार टेबलं. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण भावोजी इस्पितळाबद्दल बोलतच नव्हते. पडद्याकडे बघत ते हळूच म्हणाले, 'त्यांचं बोलणं मी माझ्या नावावर करून घेतलं गं.' त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली.

उपाय एकच होता. मास्तरांच्या नावाचं खातं काढायचं, तक्ता नीट भरायचा, आणि जुनी साइट बंद व्हायच्या आत सगळं सामान पुन्हा आणायचं. खातं उघडायला नवी साइट ईमेलवर आमंत्रण पाठवते आणि ज्याचा ईमेल त्यानंच ते स्वीकारायचं असतं.

'कुठलाही पत्ता टाका नि काढा खातं,' मालक म्हणाले.

'नको,' भावोजी म्हणाले. 'सगळं खरं असताना खोट्यानं कशाला सिद्ध करायचं? त्यांचा ईमेल त्यांच्या फोनवर आहे. फोन काकूंकडे असेल.'

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता तिथे जावं लागणार हे त्यांच्याच तोंडून निघालं होतं.

मी बरोबर गेले. वाटेत त्यांनी विचारलं, ऑफिसातला पंखा बंद केला होता का. मग विचारलं, काकू घरी नसल्या तर. मग, असल्या तर. दारापाशी म्हणाले, 'तू बेल वाजव.'

काकू शिवणकाम करतात. समोरच्या खोलीत मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला पडदा, जमिनीवर कापडाच्या चिंध्या. खिडकीपाशी मास्तरांचा फोन चार्जरला लावलेला. भावोजी त्या फोनकडेच बघत उभे राहिले.

'येतात अजून फोन,' काकू म्हणाल्या. 'विमेवाले, बँकवाले. मी सांगते, बाहेर गेलेत.' मग त्यांनी भावोजींना नीट न्याहाळलं. 'तुम्हीच ना ते भावोजी? मला वाटलं होतं, जाडे असाल.'

सगळं मीच सांगितलं. रिकामा रकाना, चुकीची नावं, गुरुवारची तपासणी. काकूंनी चष्मा पुसत ऐकून घेतलं.

'म्हणजे त्यांना परत कामावर घेताय?'

'नाही, म्हणजे, नावापुरतं,' भावोजी म्हणाले.

'रजा वगैरे मिळेल ना?'

भावोजी खरोखरच उत्तर शोधायला लागले. 'गंमत केली हो,' काकू म्हणाल्या.

मी लॅपटॉपवरून आमंत्रण पाठवलं. खिडकीतला फोन वाजला आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे वळलो. मी हात पुढे केला तर काकू म्हणाल्या, 'मीच दाबते. त्यांच्या फोनला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना चालायचा नाही.' त्यांनी 'स्वीकारा' दाबलं. मग म्हणाल्या, 'काय लिहायचे ते? दाखवा तरी.'

भावोजींनी जुनी साइट उघडून लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. ओळीवर बोट ठेवून त्या वाचत गेल्या. शून्य वजनाच्या बाळाला हसल्या. टिंब सरकलेलं वाचून भावोजींकडे बघितलं. 'जेवायला जा' वाचून थांबल्या.

'घरी एवढं बोलायचे नाहीत,' त्या म्हणाल्या. 'मला वाटायचं, दमले असतील. इथे बोलत होते होय.'

भावोजी म्हणाले, 'काकू, मी आधी यायला हवं होतं.'

'हो. यायला हवं होतं,' काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

ऑफिसात परतल्यावर भावोजींनी तो रकाना भरला आणि पुन्हा बटण दाबलं. आता जगातले सगळेच भाडेकरू जुन्या साइटवरून सामान काढत असावेत, कारण काम मुंगीच्या पावलानं चाललं होतं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. भावोजी उठले, बसले, पुन्हा उठले. ताईचा फोन आला, जेवलात का. ते म्हणाले, 'अर्धं झालंय.' पट्टी थोडी सरकली, पुन्हा अडली. मालकसुद्धा काचेच्या खोलीतून बाहेर येऊन आमच्या मागे उभे राहिले, आणि मुख्य म्हणजे गप्प उभे राहिले. मला वाटत होतं, आता ती जुनी साइट बंद होईल आणि मास्तर कायमचे भावोजींच्या नावाखाली अडकून पडतील.

झालं एकदाचं. 'तू बघ,' भावोजी म्हणाले, 'माझ्याच्यानं होणार नाही.' मी एक जुना बदल उघडला. भावोजींच्या शंका भावोजींच्या नावावर होत्या. खाली मास्तरांचं नाव, आणि त्यापुढे 'पाहिलं'. जीव भांड्यात पडला. भावोजी तोंड धुवायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, स्वतःचं पेन बाळगणाऱ्या. मनाला येईल तो बदल उघडायला सांगत होत्या. मास्तरांच्या नावावर त्यांचं पेन थांबलं.

'हे गृहस्थ?'

'वारले,' भावोजी म्हणाले.

'मग त्यांचं खातं चालू कसं? आणि तेही या आठवड्यात उघडलेलं?'

भावोजींनी त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं: रिकामा रकाना, काकूंचा फोन, अर्धा शिवलेला पडदा. मालक टेबलाखालून त्यांचा पाय दाबत होते, ते मला दिसत होतं. बाईंनी पुरतं ऐकलं, ताईच्या कपाटातली प्रत मागवून तिच्याशी दोन-चार नोंदी ताडून पाहिल्या आणि सही केली. 'पण ते खातं आता बंद करा,' जाताना म्हणाल्या. 'बंद केलं तरी लिहिलेलं राहतं ना?'

'राहतं.'

'मग आजच करा.'

भावोजी हो म्हणाले आणि केलं नाही. जेवून करतो म्हणाले, मग एवढं झालं की करतो म्हणाले. मी दोनदा आठवण केली, मग सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या साइटवरचा पहिला बदल टाकला. अगदी छोटासा होता. थोड्या वेळानं ऑफिसचा फोन वाजला आणि मी घेतला. काकू होत्या.

'अगं, ह्यांच्या फोनवर काहीतरी आलंय. भावोजींनी काम पाठवलंय, तपासा म्हणून. खाली "मान्य" असं बटण आहे. मी काय करू?'

नवी साइट फार हुशार. ही फाइल इतकी वर्षं कोण तपासत आलं ते तिनं इतिहासात बघितलं आणि आपणहून मास्तरांचं नाव घालून टाकलं. काकूंनी ते बटण दाबलं असतं तर मास्तरांनी वर गेल्यावर बाळांचं औषध मान्य केल्याची नोंद झाली असती, तपासनीस बाईंची सही वाळायच्या आत. मी फोन स्पीकरवर टाकून भावोजींपुढे धरला. ते 'काही दाबू नका' म्हणून किंचाळतील असं मला वाटलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

'काकू,' मग ते म्हणाले, 'त्यांना सांगा, मी नीट बघितलंय. दोनदा बघितलंय. आता मालक बघतील. मी त्यांना शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचायला लावतो.' काचेच्या खोलीत मालकांनी हातातला फोन खाली ठेवला. 'त्यांनी आता काळजी करू नये. मी त्यांचं खातं बंद करतोय. यापुढे फोनवर काही येणार नाही.'

'आणि लिहिलेलं?'

'ते राहणार. त्यांच्याच नावावर.'

पलीकडे मशीनचा आवाज नव्हता. 'मग थांबा,' काकू म्हणाल्या. 'आधी त्यांना सांगून येते.'

फोन बाजूला ठेवल्याचं ऐकू आलं. पावलं लांब गेली. भावोजींचा हात बटणावर होता. मग पावलं परत आली.

'सांगितलं,' काकू म्हणाल्या. 'करा बंद.'

भावोजींनी बटण दाबलं. दाबलं गेलं का, हे त्यांनी परत बघितलं नाही.